एका मुलाला दर आठवड्याला भेटायचं ठरवलंय? मग आधी क्रम नीट लावा

जून लागला की सांगलीत मला दोन-तीन फोन हमखास येतात. "काका, एखादं गरीब, हुशार मूल असेल तर सांगा. शैक्षणिक पालकत्व घ्यायचं म्हणतोय." यातले बरेच जण गणपतीपर्यंत गळतात. दिवाळीनंतर जो उरला तो खरा. सोडून जाणारी माणसं वाईट नसतात, त्यांचा क्रम चुकलेला असतो. आधी दप्तर देतात, मग अभ्यास घ्यायला बसवतात, मग कधीतरी घरच्यांना भेटतात, आणि शाळेला तर पत्ताच नसतो. हे सगळं अगदी उलट्या बाजूनं करायचं असतं.

आणखी एक. "गरीब, हुशार" ही मागणी सोडून द्या. हुशार मुलाकडे शाळेचं लक्ष असतंच, परीक्षेला बसवायला गुरुजी मागे लागलेले असतात. ज्याचं नाव पटकन कुणाला आठवत नाही, अशा मुलाला तुमची गरज जास्त.

खालचं सगळं पहिली ते नववीच्या, आपल्या घरी राहणाऱ्या मुलांबद्दल आहे.

१. कॅलेंडर काढा

भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, आठवड्यातला एक वार, एक ठरलेली वेळ, दीड तास. दिवाळीची सुट्टी वगळा. आता घरातली लग्नं, गावची यात्रा, बँकेत असाल तर मार्च एंड, शेती असेल तर ऊस लागणीचे आणि तोडीचे दिवस यांवर फुल्या मारा. तीसपेक्षा कमी वार उरत असतील तर यंदा मूल घेऊ नका. शाळेत महिन्यातून एकदा गोष्ट वाचून दाखवायला जा, तेही काम मोठं आहे, आणि त्यात कुणी तुमची वाट बघत दारात बसत नाही.

सगळ्यात घातक आश्वासन म्हणजे "मी आठवड्यातून तीनदा येईन". पहिल्या महिन्यात तीनदा, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात फोनवर. मुलाच्या लेखी तुम्ही दोन वार बुडवले, एक वार आलात हे त्याच्या खाती जमाच होत नाही.

तपासून घ्या: रविवारची संध्याकाळ द्यायची हे तुमच्या घरात माहीत आहे का? पहिला खोडा तिथूनच येतो.

२. मूल शाळेकडून मागा

वस्तीत जाऊन "तू येतोस का माझ्याकडे शिकायला?" असं परस्पर विचारायचं नाही. जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. अशा प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीच्या बैठकीत तुमचं नाव एकदा निघालं की पुढे गल्लीत "हा कोण माणूस?" असा प्रश्न उठत नाही.

सोबत एक पानी अर्ज, आधारची प्रत आणि पोलिसांकडून घेतलेला चारित्र्य पडताळणीचा दाखला न्या. मुख्याध्यापक म्हणतील, "कशाला हो, ओळखतो की तुम्हाला!" तरीही फाइलला लावायला लावा. आज ओळखीवर तुम्ही आत जाल, उद्या त्याच ओळखीवर भलताच कुणी जाईल.

वर्गशिक्षकांना एवढंच विचारा: मूल कोणत्या वारी गैरहजर असतं, पालकसभेला कोण येतं, घरात कोण कोण आहे, आणि मधल्या सुट्टीत ते काय करतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या बाईंना लगेच देता येतं, त्या बाई तुम्हाला वर्षभर साथ देतील.

बालगृहातलं मूल असेल तर वाट वेगळी. तिथले अधीक्षक आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्या परवानगीशिवाय काही नाही. केक घेऊन वाढदिवस साजरा करायला जाणं आणि मुलाची वर्षभर सोबत करणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

३. घरची पहिली भेट

पुढचं सगळं याच भेटीवर उभं राहतं, म्हणून इथे घाई नको.

एकटे जाऊ नका. वर्गशिक्षक किंवा त्या भागातल्या अंगणवाडी सेविका सोबत असू द्या. वेळ घरच्यांच्या सोयीची. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षांच्या हंगामात बायका सकाळी टेम्पोतनं मळ्यात जातात त्या दिवेलागणीलाच परततात. त्यांना आल्या आल्या गाठलंत तर चूल पेटायची राहते आणि बोलणं अर्धवट होतं. आदल्या दिवशी मुलाकरवी निरोप धाडा.

हात रिकामे ठेवून जा. खाऊ नाही, वह्या नाहीत. चहा आला तर प्या. बसायला जे पुढे करतील त्यावर बसा. फोन खिशात.

मग सरळ सांगा: मी अमुक, इथे राहतो, शाळेनं पाठवलंय, दर रविवारी चार ते साडेपाच शाळेच्या व्हरांड्यात तुमच्या मुलाबरोबर बसणार, पैसे घेणार नाही. एका घरी झालेलं बोलणं मला अजून आठवतं.

"म्हंजे ट्यूशनच की. फी न्हाई म्हंता, मग तुमाला काय मिळतंय ह्यातनं?"

"मला रविवारचं कुणीतरी बोलायला मिळतंय."

"आन् पोराला कुठं लांब न्हेणार न्हाई न्हवं?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय गल्लीच्या बाहेर नाही."

"मग बसवा. पर ऐकत न्हाई ते, सांगून ठेवते."

ट्यूशनचा प्रश्न वरचा होता, मनात होता तो दुसरा. त्याचं उत्तर न विचारता द्यायला शिका.

सावधान: "दत्तक घेतोय" हा शब्द तोंडातून काढू नका. 'शैक्षणिक दत्तक' आपल्याला सभेत गोड वाटतं. आईला त्यात फक्त 'दत्तक' ऐकू येतं.

संमतीचा कागद मराठीत, अर्ध्या पानाचा, मोठ्यानं वाचून दाखवलेला. वार, वेळ, जागा, तुमचं नाव-पत्ता. सही किंवा अंगठा. एक प्रत त्यांच्याकडे, एक शाळेकडे. फोन नंबर दोन घ्या, एक घरातला आणि एक मामाचा, आत्याचा, कुणाचाही पण दुसऱ्या गावातला. का ते पुढे येईल. आणि वडील घरी नव्हते तर पुन्हा एकदा जा. बाहेरून कळलेली गोष्ट वडील मोडतात, हे मी दोनदा पाहिलंय.

४. पहिले चार आठवडे पुस्तक उघडू नका

जागा उघडी हवी: शाळेचा व्हरांडा, वाचनालयाचा हॉल, आमराईतला बाक. तुमचं घर नको, बंद खोली तर नकोच. मुलगी असेल तर शक्यतो बाईमाणसानं हे काम घ्यावं. पुरुषानं घेतलं तर सोबत दुसरी मोठी व्यक्ती नजरेच्या टप्प्यात हवी.

या महिन्यात कॅरम खेळा, सापशिडी खेळा, त्याच्या गल्लीचा नकाशा काढा. सापशिडीत मूल 'सहा' पडल्यावर घरं एकेक मोजतं की नजरेनं उडी मारतं, यावरून गणिताचं अर्धं कळतं. तुम्ही परीक्षा घेताय हे त्याला कळतही नाही.

पाचवीतली एक मुलगी तीन रविवार माझ्याशी बोललीच नाही. मान हलवायची, बस्स. चौथ्या रविवारी ती गजऱ्याची फुलं घेऊन आली, कारण आईनं सांगितलं होतं बसल्या बसल्या ओव. मी म्हटलं मलाही दाखव. दोन फुलं इकडे, दोन तिकडे, मध्ये दोऱ्याचा फास. माझा फास दर वेळी सुटायचा. ती बघत बघत शेवटी वैतागली. "असं न्हाई काका, दोरा अंगठ्यात धरा, मग वढा." त्या दिवशी ती अर्धा तास बोलली. चार-चारचा पाढा तिला वर्गात येत नव्हता, पण गजऱ्यातली फुलं ती चार-चारनं शंभरापर्यंत न चुकता मोजत होती. हे मला पहिल्या रविवारी पाढे विचारून कधीच कळलं नसतं.

५. नेमकं कुठे अडलंय ते शोधा

आता पुस्तक. पण त्याच्या इयत्तेचं नाही.

वाचनाची शिडी चार पायऱ्यांची धरा: अक्षर, सोपा शब्द, पहिलीच्या पातळीची चार वाक्यं, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. देशभर होणाऱ्या 'असर' पाहणीतही साधारण याच पायऱ्या असतात. जिथे मूल अडखळतं तिच्या एक पायरी खालून सुरुवात करायची. सहावीतलं मूल शब्दावर अडलं तर तोंडावर आश्चर्य दिसू देऊ नका. ते याआधी बऱ्याच जणांनी दाखवून झालेलं असतं.

इथली नेहमीची फसगत म्हणजे पाठांतर. मूल 'बालभारती'तला धडा घडाघडा म्हणतं आणि आपण खूश होतो. बोट कुठे आहे ते बघा. बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंड चौथ्या ओळीवर असेल तर ते वाचत नाही, आठवतंय. म्हणून न पाहिलेला मजकूर हवा. दुसऱ्या इयत्तांची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. पण मला सर्वांत उपयोगी पडल्या त्या एसटीच्या पाट्या. सांगली जिल्ह्यातल्या गावांची नावं म्हणजे आयती शिडी आहे. 'जत'ला काना नाही, मात्रा नाही. मग 'विटा', 'मिरज', 'पलूस', 'तासगाव', 'आटपाडी'. पुढे अनुस्वार आणि दमसास दोन्ही तपासायला 'कवठेमहांकाळ'. जोडाक्षराला 'कृष्णा' आणि 'म्हैसाळ'. शेजारच्या जिल्ह्यातलं 'नृसिंहवाडी' जमलं त्या दिवशी भेळ. सातारकरांनी 'कराड'पासून सुरू करून 'महाबळेश्वर'ला पोचावं.

'र' साठी वेगळा दिवस ठेवा. सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या: एकच अक्षर चार ठिकाणी चार वेषांत येतं आणि मोठ्यांना ते जाणवतच नाही.

गणितात दोन ठिकाणी हमखास गाडी अडते. पहिलं संख्यांची नावं. "एकोणचाळीस लिही" म्हटलं की मूल ४९ लिहितं, कारण त्याला 'चाळीस' ऐकू येतं. एकोण म्हणजे एक उणा, चाळीसला एक कमी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आलं तेव्हा केवढी थट्टा झाली! थट्टा करणाऱ्यांपैकी कुणी एकोणऐंशीवर अडलेल्या मुलासमोर बसलं नसावं. मी तरी दोन्ही नावं वापरतो.

दुसरं वजाबाकी. ५२ वजा ३८ दिलं की उत्तर येतं २६. मुलाला "चुकलं" म्हणू नका, "कसं केलंस?" विचारा. ते सांगेल: आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. म्हणजे हातचा घ्यायचा प्रसंगच येऊ नये म्हणून त्यानं मोठ्यातून लहान वजा केलंय, वर कोण आणि खाली कोण न बघता. इथे नियम पुन्हा सांगून काही होत नाही. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या आणि म्हणा, "मला अडतीस दे." तीन नोटा देईल आणि आठ रुपयांपाशी थांबेल. मग स्वतःच म्हणेल, "सुट्टे द्या की." एक नोट मोडून दहा नाणी झाली, हातात उरले चौदा. हा 'हातचा' एकदा हाताला लागला की वहीत यायला दोन-तीन रविवार पुरतात.

काय येतं आणि काय अडतं, ते तारखेसह लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तीच शिडी पुन्हा. मधल्या काळात प्रगती मोजू नका, आणि मुलासमोर तर कधीच नाही.

६. दीड तासाची वाटणी

आल्यावर दहा मिनिटं गप्पा, अर्धा तास वाचन, वीस मिनिटं गणित, उरलेला वेळ त्याला हवं ते. शाळेचा गृहपाठ सर्वांत शेवटी. तो आधी काढला की सगळा वेळ तोच खातो आणि तुम्ही फुकटचे ट्यूशनवाले होऊन बसता. निघताना पुढच्या रविवारची तारीख मोठ्यानं सांगा. येता येणार नसेल तर शनिवारी फोन करा, आणि तो मुलाला द्यायला सांगा. आईला निरोप देऊन भागत नाही.

७. पैसा आणि वस्तू: माझी चूक

सहावीतल्या एका मुलाची शाळा तीन किलोमीटर लांब होती. ओळख होऊन दोन महिने झाले असतील, मी त्याला सायकल घेऊन दिली. वडिलांना विचारलं नाही, आनंदाचा धक्का द्यायचा होता ना! वडील घरी आले, सायकल पाहिली आणि म्हणाले, "आमचं पोरगं काय उघड्यावर पडलंय व्हय?" पुढे घरात अडचण आली तेव्हा सायकल विकली गेली. ते मला सांगायची मुलाला लाज वाटली आणि तो यायचाच बंद झाला. सायकल गेल्याचं काही नाही, पण मुलगा माझ्या हौसेपायी गेला.

तेव्हापासूनचा माझा दंडक: पहिले सहा महिने पेन्सिल, वही, गोष्टीचं पुस्तक यापलीकडे काही नाही. चष्मा, फी, सहलीचे पैसे अशी खरी गरज निघाली तर आधी पालकांशी बोलणं, मग शाळेमार्फत. रोख पैसे मुलाच्या हाती नाहीत आणि कुणाला उसनेही नाहीत. मोबाइल तर मुळीच नाही.

८. तुमच्याकडून खरा फायदा होतो तो कागदांत

शिकवण्यापेक्षा कधी कधी एक अर्ज जास्त काम करतो. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. आई किंवा वडील गेलेले असतील तर बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. आठवीत 'एनएमएमएस' ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. फॉर्म शाळेतूनच भरला जातो, म्हणून सातवीतच वर्गशिक्षकांच्या कानावर घाला.

सावधान: मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेऊ नका, एक रात्रसुद्धा. पालकांसोबत कार्यालयात जा, रांगेत उभे राहा, पण पिशवी त्यांच्याच हातात राहू द्या.

९. या रेषा ओलांडायच्या नाहीत

मुलाचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही, "माझा विद्यार्थी" म्हणूनही नाही. गाडीवर मागे बसवून एकट्यानं कुठे न्यायचं नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे कसे घडतात ते दाखवायला न्यायचं असेल तर तारीख आणि परतीची वेळ लिहून पालकांची सही घ्या, आणि घरातलं कुणीतरी सोबत घ्या. आईलाही ते बघायचं असतंच.

"कुणाला सांगणार नाही, शप्पथ" असं वचन कधी देऊ नका. मारहाण, बालविवाहाची बोलणी, शरीराला नको तसा स्पर्श यातलं काही मुलानं सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. १०९८ हा बालमदत क्रमांक चोवीस तास चालतो. लैंगिक अत्याचार कळला तर पोलिसांना कळवणं 'पॉक्सो' कायद्यानं बंधनकारक आहे, लपवणं हा गुन्हा आहे. घरात जाऊन जाब विचारायचा नाही. तुम्ही निघून आल्यावर मूल त्याच घरात राहणार असतं.

१०. ऊस आणि पूर

साखर कारखान्यावर ऊसतोड टोळीबरोबर आलेलं मूल दिवाळीच्या सुमारास येतं आणि गाळप संपलं की मराठवाड्यातल्या आपल्या गावी परततं. त्याच्यासाठी वर्षाचा बेत आखू नका, साडेचार-पाच महिन्यांचा आखा. वाचनाची एक पायरी चढली तरी खूप. जाताना काय येतं याची चिठ्ठी गावाकडच्या गुरुजींच्या नावे मुलाच्या दप्तरात ठेवा.

नदीकाठच्या वस्तीत मूल असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी बघत राहा. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागातली घरं तेव्हा हलायला लागतात आणि शाळेतच निवारा केंद्र होतं. दुसऱ्या गावातला तो नंबर इथे कामी येतो. पावसाळ्याआधीच दाखले, आधार, वह्या एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फळीवर ठेवायला सांगा. पूर ओसरल्यावर पहिल्या भेटीत अभ्यास नको. काय काय वाहून गेलं ते मूल सांगेल, तेवढं ऐका.

११. थांबायचं कसं

बदली, आजारपण, म्हातारे आईवडील, काहीही होऊ शकतं. थांबायचं ठरलं की किमान सहा रविवार आधी मुलाला सांगा, मग पालकांना, मग शाळेला. या एकाच ठिकाणी मूल पहिलं. बदली माणूस मिळत असेल तर दोन रविवार तिघांनी एकत्र बसा. "मी येत जाईन अधूनमधून" असं सांत्वन करू नका. खरंच जाणार असाल तर तारीख सांगा, नाहीतर गप्प बसा.

शेवटच्या रविवारी पुन्हा घरी जायचं. वर्षभराची वही मुलाला द्यायची, त्यात घरच्या भानगडींबद्दल तुम्ही काही लिहिलं असेल तर ती पानं आधी फाडून. म्हणून त्या नोंदी पहिल्यापासून वेगळ्या वहीत ठेवलेल्या बऱ्या. मला हे तिसऱ्या मुलाच्या वेळी सुचलं.